मकावसारखं करा म्हणणाऱ्यांना

मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंवरून गोव्यात वाद पेटला की नातेवाइकांपैकी कुणीतरी मला हमखास सुनावतं, "तू मकावला असतोस ना? बघ, एका खंबीर माणसानं तिथं काय करून दाखवलं!" तो माणूस एडमंड हो. 20 डिसेंबर 1999 रोजी पोर्तुगालनं मकाव चीनच्या हवाली केलं, तेव्हा इथला पहिला मुख्य कार्यकारी, म्हणजे सरकारप्रमुख, झालेला बँकर.

कौतुक मलाही आहे. त्याआधी जुगाराची मक्तेदारी चाळीस वर्षं स्टॅनली हो यांच्या एकाच कंपनीकडे होती. एडमंड हो यांच्या सरकारनं ती मोडली, बोली मागवून 2002 मध्ये तीन परवाने दिले आणि ढोबळ उत्पन्नावर 35 टक्के कर लावला. 2006 मध्ये जुगाराच्या उत्पन्नात मकावनं लास व्हेगासच्या स्ट्रिपला, तिथल्या कॅसिनोंच्या रस्त्याला, मागे टाकलं. पत्ते वाटायची नोकरी फक्त इथल्या रहिवाशांना. 2008 पासून सरकार रहिवाशांना रोख पैसे वाटतं, पहिल्या वर्षी कायम रहिवाशांना 5,000 पटाका (इथलं चलन) मिळाले. माझ्यासारख्या ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे बाहेरून येऊन इथं नोकरी करणाऱ्याला, छदाम नाही, आणि ते रास्तच आहे. आमच्याकडे गोव्यात मात्र सगळी चर्चा जहाजं कुठे हलवायची यावर अडते. परवाना कुठल्या बोलीवर, तिजोरीत किती, हे विचारायला कुणाला सवड नसते.

पण 'खंबीर माणूस' म्हटलं की माझं डोकं फिरतं. एडमंड हो यांना निवडलं ते सुमारे दोनशे जणांच्या समितीनं. त्यांचा बांधकाम सचिव आव मान लोंग 2006 मध्ये लाचखोरीत सापडला, त्याला 27 वर्षांची शिक्षा झाली. सरकार जागचं हललं नाही. हलवणार कोण? मत कुणाकडे होतं?

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, आमचे भाऊसाहेब बांदोडकरही गडगंज खाणमालक, पण 1963 मध्ये आले ते मतपेटीतून. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्यांच्या मगोचा, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, जीव की प्राण. त्यावरचा जनमत कौल मोकळेपणानं व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला, आणि 16 जानेवारी 1967 रोजी विलीनीकरण 34 हजारांवर मतांनी हरलं. दोनच महिन्यांत गोव्यानं भाऊंनाच पुन्हा निवडून दिलं! माणूस हवा, त्याचा हट्ट नको, हे एवढं स्पष्ट सांगता आलं. (आमच्या घरात त्यावरून अजून भांडणं होतात, ती वेगळी.)

एडमंड हो दोन मुदती संपवून 2009 मध्ये पायउतार झाले. त्यांच्या जागी चुई साई-ऑन आले. त्या निवडणुकीत दुसरा उमेदवारच नव्हता.