स्पाइस गर्ल्स सायमन फुलरने बनवल्या नाहीत

एक फॉरवर्ड फिरतोय की अमेरिकन आयडॉलवाल्या सायमन फुलरने टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमधून पाच मुली निवडल्या, त्यांना स्पोर्टी, स्केरी, बेबी अशी नावं दिली आणि स्पाइस गर्ल्स हा ब्रिटिश पॉप ग्रुप तयार झाला. अहो, फुलरचा गायक निवडणारा टीव्ही शो पॉप आयडॉल आला 2001 मध्ये, तोवर या पोरी जगभर गाजून मोकळ्या झाल्या होत्या!

खरं असंय की 1994 मध्ये बॉब आणि ख्रिस हर्बर्ट या मॅनेजर बापलेकांनी 'द स्टेज' पेपरात जाहिरात दिली, ऑडिशन घेतल्या आणि मुलींना इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका घरात एकत्र ठेवून गाणं-नाच घोटून घेतलं. तेव्हा ग्रुपचं नाव होतं टच, आणि त्यात 'बेबी' म्हणजे एमा बंटन नव्हतीच, मिशेल स्टीव्हनसन होती, ती गेल्यावर एमा आली.

पण हर्बर्ट मंडळी पक्कं कॉन्ट्रॅक्ट करायला रेंगाळली आणि 1995 मध्ये या पाचजणी आपल्या रेकॉर्डिंग्ज उचलून सरळ चालत्या झाल्या. फुलर मॅनेजर म्हणून आला तो त्यानंतर, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये त्यालाही यांनीच नारळ दिला.

'वॉनाबी' ग्रुपचं पहिलं गाणं म्हणून रेकॉर्ड कंपनीला नको होतं, पाचजणींपैकी मेल बी आणि जेरी अडून बसल्या म्हणून ते जुलै 1996 ला आलं आणि ब्रिटनमध्ये सात आठवडे एक नंबरला राहिलं. टोपणनावं म्हणाल तर ती 'टॉप ऑफ द पॉप्स' मासिकाच्या पीटर लोरेनची, फुलरचा त्यात काडीचा संबंध नाही.