राक्षसाची दाढ

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याहून येताना नदीकाठी जेसीबी चालू होता. गोदावरीची उंच दरड, वर पिवळट माती, खाली वाळू-गोट्यांचा घट्ट थर. गाडी थांबवून विचारलं, "दादा, यात कधी हाडंबिडं निघतात का?" तो सहज म्हणाला, "निघालं की ताई परवा, हे एवढं. दगडावानी जड. गेलं भरावात."

भरावात! कुणाच्या तरी प्लॉटच्या खड्ड्यात!

मला आजोबांची विहीर आठवली. मी तिसरीत होते. निफाडकडच्या मळ्यात विहीर खोल करताना एक वस्तू निघाली. वीतभर लांब, काळपट, वर ओळीने वळ्या, पाट्याला टाकी लावल्यासारख्या. आजी म्हणाली, राक्षसाची दाढ. सोबत निघालेला हाडाचा तुकडा आजोबांनी आम्हा पोरांच्या जिभेला लावला, तर तो चिकटूनच बसला. दगड झालेलं हाड असंच जिभेला धरतं, हे मला फार पुढे कळलं. कॉलेजात हत्तीच्या दाढेचं चित्र पाहिलं आणि बसल्या जागी ओळखलं. त्याच वळ्या.

नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्ती सापडला होता. भूशास्त्र खात्याच्या पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यावर लिहून ठेवलंय. ती जात आज जगात कुठेच नाही. रानबैलांची हाडंही याच नदीच्या गाळात मिळालीत. नाशिकजवळच्या गंगापूरला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, म्हणजे माणूसही इथेच वावरत होता. डायनासोर नाशकात शोधू नका, आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचा आहे, लाव्हात हाडं टिकत नाहीत. पण हत्ती? हत्ती आपल्याच गाळात झोपलेत!

२०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी पहाटे कॅमेरे घेऊन पळतो. त्याच काठावरची हाडं मात्र ट्रॉलीत.

मान्य, परवाचं ते हाड एखाद्या मेल्या बैलाचंही असेल. पण बघितलं कुणी? आणि हो, शेतकऱ्याला धास्ती असते की सरकारी माणसं येतील, काम अडेल. ती धास्ती खरी आहे, तेवढं कबूल.

जिवंत असलेल्यांचं तरी आपण काय करतो? अंजनेरी डोंगरावरच्या कंदीलपुष्पाला शास्त्रात नाव मिळालं २००६ मध्ये. डोळ्यांसमोर फुलणारं एवढंसं रोप, त्याच्यावर सतरंज्या टाकून आपण डबे खाल्ले. मीही खाल्लेत. मग मातीखालच्यांची चौकशी कोण करणार?

लिहिता लिहिता राग उतरला, कारण ती दाढ आज आमच्याकडेही नाही. पडवी नव्याने बांधली तेव्हा गवंड्याने ती पायाच्या खड्ड्यात टाकली. आजोबा ओट्यावर बसून बघत होते, बोलले काहीच नाहीत. मी शेजारीच उभी होते.

तुमच्याकडे विहीर, शेततळं, पाया, काहीही खोदताना असं काही दिसलं तर ओढून काढू नका. शेजारी हात ठेवून फोटो घ्या, कोणत्या थरात होतं ते लिहा आणि भूशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकवणाऱ्या माणसाला दाखवा.

त्या जेसीबीवाल्याला नंबर देऊन आलेय. म्हणाला, "निघालं तर खरंच येणार का ताई?" येणार म्हटलं. तो उद्या सहाला काम सुरू करतोय.