टेबल नंबर तीन

मागे एका प्रोग्रामिंगच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं, लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे जिच्यात प्रत्येक घराला (नोडला) फक्त पुढचं घर माहीत असतं अशा साखळीत, सायकल आहे का, म्हणजे ती फिरून मागच्याच एखाद्या घरावर येते का, ते कसं ओळखाल. म्हटलं सोप्पंय, ज्या ज्या नोडवर गेलो त्याची नोंद ठेवायची, नोंदीतलाच परत भेटला की सायकल. समोरचा म्हणाला, जास्तीची मेमरी न वापरता सांगा. तिथेच माझी होती ती मेमरीपण गेली.

घरी येऊन रात्रभर फ्लॉइड या संगणकशास्त्रज्ञाचं ससा-कासव घोकलं. कासव एक घर पुढे, ससा दोन. रस्ता सरळ असेल तर ससा आधी बाहेर पडतो, आणि गोल असेल तर दोघं गोलात शिरले की अंतर दर वेळी एकेक घराने कमी होतं, म्हणजे गाठ पडणारच. आईला वाटलं माझी सायकल चोरीला गेलीय. बाय द वे, हा अल्गोरिदम १९६९च्या पुस्तकात क्नुथ या दुसऱ्या संगणकशास्त्रज्ञाने फ्लॉइडच्या नावावर टाकलाय, पण फ्लॉइडच्या स्वतःच्या छापील लेखनात तो सापडतच नाही. म्हणजे त्याचीही कागदपत्रं अपुरीच.

हे आठवलं लाईटबिलामुळे. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावाने येतं. ते बाबांच्या नावावर करायला बाबा आठवडाभर हेलपाटे घालतायत, शेवटी मी रजा टाकून सोबत गेलो. पाच टेबलं, आणि प्रत्येक टेबलाला फक्त पुढचं टेबल माहीत, बाकी जगाशी देणंघेणं नाही. डिट्टो लिंक्ड लिस्ट! बाबांचे गुडघे गेलेत, त्यामुळे कासव कोण हे ठरवावं लागलं नाही.

बाबा फाईल घेऊन दोनवर, मी नुसता विचारत विचारत तीनवर. बाबा तीनवर, मी पाचवर. पाचवाले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, यावर तीन नंबरचा शिक्का आणा आधी. मी परत तीनवर, तिथून "चारला एंट्री करा", धापा टाकत चारवर पोचतो तर समोर बाबा, फाईल छातीशी धरून. सायकल!! मी इतक्या जोरात ओरडलो की शिपाई खिडकीतून पार्किंगमध्ये बघायला लागला.

आता गोल सुरू कुठून होतो ते शोधायचं. एकाने परत पहिल्यापासून, दुसऱ्याने भेटलो तिथून, दोघांनीही एकेकच घर. मी एक, दोन, तीन. बाबा चार, पाच, तीन. भेटलो बरोब्बर तीन नंबरसमोर, मॅडम डबा उघडत होत्या, मेथीची भाजी.

"बाबा, लूप इथून सुरू होतोय!"

बाबांनी फाईल उलटी केली. मागे निळ्या पेनने लिहिलं होतं, १, २, ३, ४, ५, ३, आणि शेवटच्या तीनला गोल.

"सोमवारीच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा पळत होतास, म्हटलं आत कुणाची तरी ओळख काढतोयस."