गाडीला श्वास घेऊ द्या म्हणे

नाना पेठेत गेलो होतो वायपर बदलायला, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून. वायपर काचेवर असतात, बाहेर, सगळ्यांना दिसतात. तरी दुकानातल्या पोराने आधी बोनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, गाडी गुदमरतेय."

माझी स्विफ्ट. ११९७ सीसी, रोज सिंहगड रोडने ऑफिसला जाते-येते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. ती गुदमरतेय हे मला नाना पेठेत कळावं?

पोराने काउंटरखालून एक लालभडक कोन फिल्टर काढला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा शंकूसारखा एअर फिल्टर, सोबत चकचकीत पाइप. "कंपनीचा काळा डबा काढून टाकायचा, हा लावायचा. पाच-सात बीएचपी कुठे नाही गेले सर, ॲव्हरेज वाढेल ते वेगळंच." किंमत साडेसहा हजार, फिटिंग फ्री. मी नुसतं "बघू" म्हटलं, तेवढ्यात काका मध्ये पडले.

काका म्हणजे शेजारचं गिऱ्हाईक. डॅशबोर्डवरचा गणपती घ्यायला आलेले आणि एकेक मूर्ती उलटी करून खालचा टेप नखाने खरवडून बघत होते. "श्वास!" काका म्हणाले. "सगळा खेळ श्वासाचा आहे. मी रोज सकाळी सारसबागेत प्राणायाम करतो." (हे आम्ही विचारलं नव्हतं.) "घ्या हो, गाडीलापण जीव असतो." पोरगा खूश.

मी म्हटलं, अहो काका, कंपनीच्या डब्याची नळी पुढे जाळीमागे असते, बाहेरची हवा घेते. हा कोन बोनेटखाली उघडा बसणार, इंजिनची गरम हवा ओढणार. हवा तीस अंशांनी तापली की जवळपास नऊ टक्के विरळ होते, म्हणजे ताकद वाढायची राहिली, असलेली जाणार.

काकांनी गणपती खाली ठेवला. "म्हणजे तोंडाने श्वास घेतल्यासारखं झालं."

"अं?"

"नाकात केस असतात, हवा गाळली जाते. तोंडाने श्वास घेणारा माणूस घोरतो." आता नाक हवा गरम करतं आणि इथे थंड पाहिजे, पण काका आपल्या बाजूला येतायत म्हटल्यावर मी गप्प बसलो. काका पोराकडे वळले. "काय रे, हे घोरतं का?"

"घोरत नाही काका, साउंड येतो. इनटेकचा. भारी येतो एकदम."

"म्हणजे घोरतं."

"साउंड असतो तो, काका."

"मीपण हिला चाळीस वर्षं हेच सांगतोय," काका म्हणाले, "हा आवाज घोरण्याचा नाही, श्वासाचा आहे. ती उठून हॉलमध्ये जाऊन झोपते."

पोराने कोन परत काउंटरखाली ठेवला आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "राहू दे रे, काकांना नकोय." मला वाटलं गणपतीवाल्या काकांबद्दल बोलतोय. नाही, माझ्याबद्दल. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत मी सर होतो! साडेसहा हजार वाचवले की माणसाचं वय वाढतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि खरा मुद्दा तर सांगायचाच राहिला. शहरात आपण ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकवतो, हवेच्या वाटेवरची झडप, म्हणजे बटरफ्लाय, अर्धवट उघडा असतो, हवा तिथेच मुद्दाम अडवलेली असते, मग पुढचा फिल्टर कितीही मोकळा लावा, काय फरक पडणार? ॲव्हरेजचं तर सोडाच, हवा जास्त गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोलपण जास्त सोडणार, १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हा हिशोब तो काही तुमच्या लाल रंगाकडे बघून बदलत नाही. ट्रॅकवर पळवायची गाडी असेल, एक्झॉस्ट, इंजिनच्या झडपा हलवणारा कॅम, ईसीयूमधलं सेटिंग सगळंच बदललेलं असेल तर ठीक. मला सिंहगड रोडवर पुढच्या टेम्पोच्या मागच्या बंपरपर्यंत जायचं असतं.

त्यात काही किटमध्ये फिल्टर खाली बंपरमागे नेतात, थंड हवा मिळावी म्हणून. जुलैत एखाद्या चौकात तळं साचलं की तो पाणी ओढणार, पाणी काही दाबलं जात नाही, मग वाकतो पिस्टनचा कनेक्टिंग रॉड. इन्शुरन्सवाले विचारणार, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं होतं का. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड आहे, आता हा कोन त्यात बसतो की नाही हे चौकातले मामा ठरवणार, आपण नाही.

बरं, घरी येताना पूर्ण रस्ता पुढून फुस्स फुस्स आवाज. बघितलं तर त्या पठ्ठ्याने फिल्टरच्या डब्याची एक क्लिप उघडीच ठेवलेली. म्हणजे सगळी धूळ फिल्टरला बगल देऊन आत, गाडी शेवटी तोंडानेच श्वास घेत आली. काका म्हणायचं ते म्हणा, पण क्लिप लावा ना राव!

आमच्या सोसायटीत एकाने हा कोन लावलाय, जोडीला एक्झॉस्टपण. रात्री साडेअकराला येतो, बी विंगमधली लहान पोरं उठून रडतात, सेक्रेटरी म्हणतात तरुण मुलगा आहे, हौस असते. एक फायदा मात्र मानायला पाहिजे. त्याची गाडी कोपऱ्यावर वळली की वॉचमनला आतून ऐकू येते, तो धावत जाऊन गेट उघडून उभा राहतो. मला हॉर्न वाजवावा लागतो. आणि गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, हॉर्न वाजवू नये.