नीट विव्हळत नाही म्हणे

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. कुणीतरी ‘पेन अँड ग्लोरी’ पाहिला आणि लिहिलं, ‘दोन तास माणूस पाठ धरून बसलाय. एवढं काय दुखतं याला? नीट विव्हळतसुद्धा नाही.’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मग नेहमीचं: आपल्या आया-आज्या कंबर मोडेस्तोवर राबल्या, कधी हूं की चूं केलं नाही, तिकडच्यांचे चोचले फार. मी ब्रिटनमध्ये राहते, म्हणजे ‘तिकडच्यां’मध्ये मी आलेच.

म्हणजे विव्हळला तर चोचले, आणि न विव्हळला तर दुखतच नाही. दोन्ही एकाच माणसाने, एकाच दुपारी लिहिलं!

दिग्दर्शक अल्मोदोवारच्या २०१९च्या त्या सिनेमात अंतोनिओ बांदेरास गुडघे टेकायच्या आधी जमिनीवर उशी टाकतो. बस्स, एवढंच. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं, कारण तशी उशी माझ्याही घरात आहे. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर क्रॉनिक म्हणतात. तोवर ओरडून झालेलं असतं. मग उरतात हिशेब: कुठली खुर्ची धरायची, जिन्याला कठडा कुठल्या बाजूला आहे, आज केस धुतले तर उद्या कशावर पाणी सोडायचं. ‘केक’ या सिनेमात जेनिफर ॲनिस्टन गाडीची सीट पूर्ण मागे पाडून आडवी प्रवास करते. ज्याने हे लिहिलं त्याने अशा माणसाकडे नीट बघितलंय.

आपल्याकडे आजारी माणसाला दोनच रस्ते. ‘आनंद’सारखं हसत हसत मरायचं, नाहीतर शेवटच्या रिळात कुबड्या फेकून धावायचं. बरं, आपल्याला जमत नाही असंही नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांनी ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया दाखवला, ‘अस्तु’त विसरत चाललेला बाप दाखवला, आणि दोन्हीकडे रडारडीला फाटा दिला. पण जी पाठ मारतही नाही आणि बरीही होत नाही, तिच्यावर कोण पैसे लावणार?

इकडचेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. ‘हाऊस’ मालिकेतल्या डॉक्टर हाऊसचा उजवा पाय अधू, आणि काठीही उजव्याच हातात; ती खरं तर दुसऱ्या हातात हवी. ‘केक’लाही नुसती वेदना पुरली नाही, बाईचा मुलगा अपघातात गेलेला दाखवावा लागला. आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, क्रॉनिक वेदना स्वतःच एक आजार म्हणून नोंदली गेली, पण पटकथा लिहिणाऱ्यांना अजून त्यामागे एखादं मोठं दुःख लागतंच. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे मी सनफ्लॉवर लॅनयार्डचं, म्हणजे न दिसणारा आजार आहे हे सांगणाऱ्या गळ्यातल्या सूर्यफुलांच्या पट्ट्याचं लिहिलं, आणि इंग्लंडमध्ये २०१९पासून न दिसणाऱ्या आजारांनाही ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंगचा परवाना मिळतो, ते लिहिलं. जरा ठसक्यातच.

इथल्या सरकारी अपंगत्व भत्त्याच्या फॉर्मचं मात्र लिहिलं नाही. वीस मीटरच्या पुढे चालता येतं का, आणि ते पुन्हा पुन्हा करता येतं का, असं त्यात विचारतात. घरी तपासायला बाई आल्या. मी दार उघडलं, त्यांना चांगली खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर ताठ बसले आणि हसून उत्तरं दिली. परक्या माणसापुढे कण्हायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलंय. अहवालात आलं: अर्जदार निवांत बसल्या होत्या, वेदनेची चिन्हं दिसली नाहीत. आमच्या ग्रुपचंच परीक्षण, फक्त इंग्रजीत आणि सहीशिक्क्यानिशी.

आता नव्याने अर्ज करायचाय. ओळखीचे सांगतात, सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवून बोल. म्हणजे अभिनयच की! आईच्या व्हिडिओ कॉलवर मी उलटा करते: कॅमेरा छातीपासून वर, मागची उशी दिसणार नाही अशा बेताने. ‘बरी आहेस ना?’ ‘मस्त.’ मग कॅमेरा बंद करून जमिनीवर आडवी होते. एकीकडे दुखतंय असं दाखवायचं, एकीकडे दुखत नाही असं, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक नाराज.

तो सिनेमा स्पॅनिश आहे. मला कळणारं दुखणं मला न कळणाऱ्या भाषेत, सबटायटल वाचत बघावं लागलं. असा एक मराठीत हवाय, आणि तो माझ्यासाठी नकोय, मला माझं माहीत आहे. तो ग्रुपवरच्या त्या अंगठेवाल्यांनी बघायला हवाय. इथल्या तज्ज्ञाने मान डोलावली तर फाइल पुढे सरकते. पण त्यांच्यातल्या एकाने जरी ‘हो गं, दुखत असेल’ म्हटलं तर मी आईच्या कॉलवर कॅमेरा थोडा खाली घेईन.