"एकाग्रता वाढवावी" म्हणजे पालकांनी नेमकं काय करावं?

एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चळवळ-उतावळेपणा यांच्या विकारावर, हल्ली दिवसाआड एक रील समोर येतं. सात लक्षणं, पाच उपाय, शेवटी भिजवलेले बदाम. त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, त्यामुळे बोलणं मुख्यतः आपल्याच बिरादरीशी आहे. पालकांनीही वाचावं.

या विकाराचं निदान रक्त तपासून होत नाही, एमआरआय काढूनही होत नाही. डॉक्टरांच्या खोलीत पोरगं फार तर अर्धा तास असतं. नवी जागा, नवा माणूस, समोर खेळणी. घरात बूड न टेकणारं पोर तिथे शहाण्यासारखं बसतं आणि आईला खोटं पाडतं. मग डॉक्टर ठरवतात कशावरून? त्या मुलाला रोज पाहणारी माणसं काय सांगतात त्यावरून. आणि दिवसातले पाच-सहा तास पाहणारे कोण, तर आपण.

डॉक्टर डीएसएम-5 नावाची जी नियमावली वापरतात (2013 ची), तिच्यात लक्ष न टिकण्याची 9 लक्षणं आहेत आणि चळवळ-उतावळेपणाची 9. लहान मुलांत एका तरी गटातली किमान 6, निदान 6 महिने टिकलेली, वयाची 12 वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू झालेली, आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी हवीत. शेवटची अट महत्त्वाची. फक्त घरी दंगा आणि शाळेत ठीक असेल तर घरात काय चाललंय ते बघावं लागतं. फक्त शाळेतच अडत असेल तर डोळे, कान, वाचनाची अडचण, किंवा (राग मानू नका) आपलं शिकवणं. शाळेकडून धड माहिती आली नाही तर ही अट तपासायची कशी?

आता आपण काय माहिती देतो ते बघू. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तमच आहे. पण सत्र संपत आलं की शिक्षकांच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरायला लागते आणि हजेरीक्रमांकाप्रमाणे वाक्यं वाटली जातात. "अभ्यासात सातत्य ठेवावे." "अक्षर सुधारावे." "एकाग्रता वाढवावी." एकाला चष्मा लागलाय आणि कुणाला पत्ता नाही, एक बापाच्या दारूपायी रात्री एकपर्यंत जागा असतो, एकाला एडीएचडी आहे, आणि एकाला नुसता कंटाळा आलाय. चौघांच्याही प्रगतीपुस्तकात तेच. एकाग्रता वाढवावी. ती आईबापांनी कुठल्या दुकानातून आणायची?

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वेंधळी म्हणून सगळ्या शाळेत प्रसिद्ध. बेरीज-वजाबाकीची मिसळ उदाहरणं दिली होती, तिची वही बघा. पहिली चार चोख, हातच्यासकट. पाचव्याला चिन्ह बदललं, वजाबाकी आली, हिनं बेरीजच चालू ठेवली. सातवं उतरवायचंच राहिलं. नववं अर्ध्यात सोडलेलं, आणि शेजारी समासात वेलबुट्टी, तीही काय सुरेख! जवळ बोलावून तीच गणितं एकेक करून तोंडी विचारली तर सगळी बरोबर. "गणित कच्चे आहे" असं लिहिलं असतं तर ते धादांत खोटं ठरलं असतं. मी जे दिसलं ते तारीख घालून लिहिलं, पुढेही लिहीत राहिले. तिची आई तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून शहरातल्या बालविकास तज्ज्ञांकडे गेली तेव्हा वह्या आणि त्या नोंदी सोबत होत्या. चळवळ नसलेला, फक्त लक्ष न टिकण्याचा प्रकार निघाला. मुलींमध्ये हाच हमखास सुटतो, कारण त्या वर्गात त्रास देत नाहीत. बाकावरून उड्या मारणाऱ्याची तक्रार पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांकडे जाते. ही मात्र सातवीपर्यंत "मनावर घेत नाही" याच शिक्क्यावर चालली असती.

स्टाफरूममधले ठरलेले दोन मुद्दे येणारच. पहिला, "मोबाइलवर दोन-दोन तास बसतो की, तेव्हा कसं लक्ष लागतं?" गेम दर काही सेकंदांनी काहीतरी हातात ठेवतो, गुण, आवाज, नवी पातळी. भागाकार काहीच देत नाही. या मुलांकडे लक्ष असतं, पण ते हवं तेव्हा हव्या त्या कामावर लावणं आणि तिथेच धरून ठेवणं त्यांना जड जातं. दुसरा, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." होतं. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं 1902 मध्ये लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलंय. आपल्या वेळी ही पोरं छड्या खाऊन सहावीत शाळा सोडायची आणि गॅरेजवर जायची, एवढाच फरक.

उलट बाजूही आहे. प्रत्येक वळवळ्या मुलाला एडीएचडी नसतो. आपल्याकडे 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत येतं, म्हणजे जूनमध्ये एक पोर साडेपाचचं आणि शेजारचं साडेसहाचं. त्या वयात वर्षाचा फरक म्हणजे केवढा! परदेशातल्या अभ्यासांत वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसलेला आढळलाय. तेव्हा नोंद करताना जन्मतारीख बघा. घोरतो का, दुपारी पेंगतो का, मध्येच काही सेकंद शून्यात बघतो आणि हाकेला ओ देत नाही का, तेही लिहा. त्या शेवटच्या प्रकारामागे फिटचा आजार असू शकतो. निदान मात्र करू नका. "तुमच्या मुलाला एडीएचडी आहे" हे वाक्य शिक्षकानं पालकसभेत उच्चारायचं नसतं, ते आपलं कामच नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत हा विकार आहे. पथक आलं की दात आणि वजन झाल्यावर डॉक्टरांना बाजूला घेऊन त्या मुलाबद्दल बोला.

औषधाच्या बाबतीत तर शाळेच्या नोंदीला सोन्याचं मोल आहे. एका मुलाचे वडील मला म्हणाले, "मॅडम, गोळीनं काडीचा फरक नाही. संध्याकाळी घर डोक्यावर घेतो." आता मिथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची साधी गोळी साधारण चार तास काम करते. सकाळी दहाला घेतलेली दुपारी दोनला उतरते आणि वडील कामावरून येतात सातला. गोळीचा गुण बघणारी एकटी मीच! दुपारचा डबा तसाच परत जातोय हेही मलाच दिसत होतं, कारण भूक मरणं हा या गोळीचा नेहमीचा दुष्परिणाम. दोन्ही लिहून दिलं, पुढचं डॉक्टरांनी बघितलं. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, दुकानदाराला चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते, त्यामुळे गावातल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. म्हणून लोकांना वाटतं काहीतरी नशेचं आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वजन-रक्तदाब बघत दिलं जातं ते. सहा वर्षांखालच्या मुलांना आधी औषध नाहीच, पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण आधी.

वर्गात करायच्या गोष्टी साध्या आहेत. पुढचा बाक, दारापासून लांब. एका वेळी एकच सूचना. दहा गणितांऐवजी पाच आणि पाच. मध्ये हजेरीपट ऑफिसात नेऊन द्यायचं काम. चांगलं केलं की तिथल्या तिथे बोलून दाखवायचं, शनिवारपर्यंत राखून ठेवायचं नाही. आणि एक गोष्ट कृपा करून बंद करा, शिक्षा म्हणून खेळाचा तास किंवा मधली सुट्टी कापणं. ज्या मुलाला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच दुपारी कोंडून ठेवायचं आणि चौथ्या तासाला ते चुळबुळतं म्हणून पुन्हा ओरडायचं, याला काय म्हणावं?

"चाळीस पोरं, दोन वर्ग एकत्र, वर बीएलओचं (मतदारयाद्यांचं) काम, कधी लिहायचं हे सगळं?" मान्य, मीही त्याच गाड्याला जुंपलेली आहे. चाळीस जणांचं लिहायची गरज नाही. ज्या दोघा-तिघांबद्दल आतून खटकतं त्यांच्याच, आठवड्याला दोन ओळी. "सोमवार, तिसरा तास, मराठी. धडा वाचताना तीनदा उठला, दोनदा पाणी, एकदा खिडकी. चित्र काढताना पूर्ण तास बसला." एवढं पुरे. डॉक्टरांकडून "कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, अगदी नेहमी" अशा रकान्यांचा फॉर्म आला की याच ओळी समोर ठेवून भरा. कंटाळून सगळ्या खुणा एकाच रकान्यात मारलेले फॉर्म मी पाहिलेत.

आणि कमेंटमध्ये "मॅडम, नमुना नोंदी पीडीएफमध्ये मिळतील का" असं विचारणाऱ्याला ब्लॉक करण्यात येईल.