खरं न लिहिता लॉ स्कूलला अर्ज कसा करावा

तर तुम्ही ठरवलंय, अमेरिकेत जाऊन जेडी, म्हणजे तिथली वकिलीची डिग्री, करायचं. छान. तीन वर्षं, डोक्यावर कर्ज, आणि त्याआधी हा अर्ज. आता काही भोळी माणसं सांगतील की बाबा जसा आहेस तसा साधेपणाने लिही, त्यांचं अजिबात ऐकू नका, ती बहुतेक कुठेतरी ॲडमिशन मिळून आता वकिली करत असतात, त्यांना काय कळतंय.

सुरुवात पर्सनल स्टेटमेंटपासून, म्हणजे स्वतःबद्दलच्या निबंधापासून. बहुतेक ठिकाणी डबल स्पेसमध्ये दोनेक पानं, म्हणजे जागा कमी, म्हणून पहिला परिच्छेद सरळ कुठल्यातरी थोर माणसाच्या वाक्याला देऊन टाका आणि दुसऱ्यात न्याय म्हणजे काय ते समजावून सांगा. लॉ स्कूलच्या ऑफिसात बसणाऱ्यांनी हा शब्द कधी ऐकलेला नसतो. मग ते वाक्य, "मी लहानपणापासून खूप वाद घालायचो आणि घरचे म्हणायचे हा वकीलच होणार". हे टाकल्याशिवाय सबमिटचं बटण दाबलं जात नाही असा बऱ्याच जणांचा समज दिसतो. चुकूनही असलं काही लिहू नका की मी दोन वर्षं भाडेकरूंच्या मदत केंद्रात फोन घ्यायचो, एकदा एक बाई घर खाली करायची नोटीस घेऊन आल्या, ती त्यांना कळेना आणि खरं सांगायचं तर मलाही धड कळली नाही, त्या रात्री मी ती चार वेळा वाचली. असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या तुम्ही लक्षात राहता. हजारो फायलींच्या गठ्ठ्यात लक्षात राहणं म्हणजे उगाच डोक्याला ताप.

शाळेचं नाव बदलायची पण गरज नाही. कोलंबियाला पाठवलेल्या निबंधाच्या शेवटी "म्हणूनच मला एनवाययूमध्येच शिकायचंय" असलं तरी चालतंय, दोन्ही न्यूयॉर्कातच आहेत, सबवेने जाता येतं.

निबंध एआयकडून लिहून घ्यायचा का? नियम बघायच्या भानगडीत पडू नका. २०२३ मध्ये मिशिगनच्या लॉ स्कूलने अर्जात एआय वापरायला बंदी घातली आणि त्याच वर्षी ॲरिझोना स्टेटने परवानगी दिली, म्हणजे मध्यममार्ग असा की दोन्हीकडे एकच निबंध पाठवायचा आणि खाली "हे मी स्वतः लिहिलंय" वर निवांत टिक करायची. फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. एलसॅटला, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेला, १२० ते १८० मधला स्कोअर मिळतो तो वेगळा, पण त्यासोबत एक लेखनाचा भाग असतो, वेळ लावून, कॅमेऱ्यासमोर. त्याला मार्क नसतात म्हणून सगळे तो उरकून टाकतात आणि मग तो शाळांना जातो, जसाच्या तसा. एकीकडे तुमचं रेशमी पर्सनल स्टेटमेंट, दुसरीकडे तुम्ही पस्तीसेक मिनिटांत हाणलेलं काहीतरी, एकाच फाइलमध्ये. कोण कशाला ताडून बघेल, नाही का.

शिफारसपत्र. ज्या प्राध्यापकांनी तुमचा पेपर तीनदा परत पाठवला, चौथ्यांदा "आता जमलं" म्हणाले, त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांना तुमच्याबद्दल फारच माहिती आहे. एखादा सिनेटर शोधा ज्याच्यासोबत तुमचा एक फोटो आहे. तो लिहील, "यांना भेटून आनंद झाला". झालाच असेल.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे मार्कांच्या अधिकृत कागदाचं, थोडक्यात सांगतो. एलसॅक, म्हणजे एलसॅट घेणारी आणि अर्ज शाळांना पोचवणारी संस्था, तुम्ही डिग्रीसाठी शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागते, त्या एका उन्हाळ्यात कुठेतरी कोर्स घेऊन 'डी' आणलेला तेही आलं. तुम्ही ते विसरा. विसरणं नैसर्गिक आहे. आणि मार्क कमी का पडले याचं स्पष्टीकरण जोडायचं असेल तर "त्या सेमिस्टरला मी आजारी होतो, पुढच्या सेमिस्टरचे मार्क सोबत आहेत" अशा दोन ओळींत आटपू नका. तीन पानं लिहा. प्राध्यापक, रूममेट, वायफाय, कुणालाच सोडू नका.

आणि हो, आकडे फुगवायचा मान फक्त अर्जदारांचाच आहे असं समजू नका, इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ कॉलेजने विद्यार्थ्यांचे एलसॅट स्कोअर आणि जीपीए (कॉलेजातल्या मार्कांची सरासरी) वाढवून छापल्याचं २०११ मध्ये बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या वकिलांच्या संघटनेने, अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. म्हणजे परंपरा आहे हो आपल्या मागे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कॅरेक्टर अँड फिटनेस, म्हणजे तुमच्या चारित्र्याबद्दलचे प्रश्न. इथे विचारतात, कधी अटक झाली का, कॉलेजने शिस्तभंगाची कारवाई केली का, आणि बऱ्याच ठिकाणी तर रेकॉर्डवरून पुसलं गेलं असलं तरी सांगा म्हणतात. आता पुसलेलं आहे तर सांगायचं कशाला, हा तर्क तुम्ही लावालच, आणि तो लावता म्हणूनच तर तुम्हाला वकील व्हायचंय. "नाही" वर टिक करा. पुढे तीन वर्षांनी बारचा, म्हणजे वकिलीच्या सनदेचा, अर्ज भरताना हाच प्रश्न परत येतो, आणि ती मंडळी लॉ स्कूलचा अर्ज मागवून शेजारी ठेवू शकतात. होस्टेलमधली एक बिअर कुणाला फार खुपत नाही, पण दोन कागदांवर दोन उत्तरं म्हटल्यावर माणसं एकदम सरसावून बसतात.

पत्रकार स्टीफन ग्लासचंच बघा. 'द न्यू रिपब्लिक' या मासिकात लेखच्या लेख रचून छापले, १९९८ मध्ये नोकरी गेली, मग जॉर्जटाऊनमधून कायद्याची डिग्री काढली, बारची परीक्षाही पास. एवढं झाल्यावर माणसाने न्यूयॉर्क बारच्या अर्जात काय लिहावं, की कुठला मजकूर खोटा होता हे शोधायला मी मासिकांना मदत केली. ती मदतही फुगवून सांगितलेली निघाली. मग त्याने कॅलिफोर्नियात अर्ज केला, आणि २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, सनद मिळणार नाही. पहिल्या खोट्याला सतरा वर्षं होऊन गेली होती. सातत्य असावं तर असं.

माझ्या ओळखीच्या एकाने मात्र माती खाल्ली. पहिल्या वर्षाला असताना होस्टेलमध्ये दारू सापडल्याची त्याला लेखी ताकीद मिळाली होती, ती त्याने चार ओळींत लिहून टाकली, तारीख, काय झालं, काय कारवाई झाली, संपलं. त्या चार ओळींसाठी गडी दोन आठवडे झोपला नव्हता. ॲडमिशन झालं, बार झाली, आता प्रॅक्टिस करतो, आणि इतक्या वर्षांत त्या चार ओळींबद्दल त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. एवढी झोप घालवली आणि कुणी साधं विचारूही नये, किती वाईट वाटत असेल बिचाऱ्याला.